किरणोपचारानंतरचा सार्कोमा : निदानाची भाषा आणि उपचाराच्या मर्यादा

एखादी घटना दुसरीच्या मागून घडली एवढेच सांगावयाचे असेल तर मराठीत आपण 'उत्तर' हे पद जोडतो. ती दुसरीमुळे घडली असे सांगावयाचे असेल तर 'जन्य' हे पद जोडतो. 'युद्धोत्तर महागाई' आणि 'युद्धजन्य महागाई' ह्या दोन प्रयोगांतील भेद केवळ शैलीचा नव्हे. पहिल्यात कालक्रम आहे, दुसऱ्यात कार्यकारणभाव आहे. आणि पहिल्यावरून दुसऱ्याकडे जावयाचे तर पुरावा द्यावा लागतो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, एवढ्यावरून फांदी कावळ्याने मोडली असे सिद्ध होत नाही, हे आपल्या भाषेने म्हणीतच नोंदवून ठेविले आहे.

वैद्यकातील एका दुर्मिळ परंतु गंभीर रोगाच्या बाबतीत हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. पूर्वी कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या व त्यातून बऱ्या झालेल्या माणसाच्या देहात, त्याच जागी, कित्येक वर्षांनंतर सार्कोमा नावाचा दुसरा कर्करोग क्वचित उद्भवतो. हा नवा रोग 'प्रारणोत्तर' म्हणावयाचा की 'प्रारणजन्य', तो कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचा, त्यावर उपचार कोणता आणि त्याची परिणती काय, ह्यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. म्हणून रोगविषयक भागात सर्वमान्य झालेल्या निष्कर्षांच्या पलीकडे जाण्याचे धाडस येथे केलेले नाही. तथापि रुग्णाच्या तोंडचा शब्द आणि डॉक्टरच्या कागदावरचा शब्द ह्यांत अंतर पडल्यामुळे निदानास विलंब होण्याचा संभव ह्या रोगात विशेष आहे, आणि तो प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत निश्चितच येतो. विवेचनास धाराशिव जिल्ह्याचा, म्हणजे २०२३ पर्यंत अधिकृतपणे उस्मानाबाद म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा, संदर्भ घेतला आहे. त्याचे कारण चौथ्या भागात स्पष्ट होईल.

१. संज्ञांविषयी थोडेसे

'कॅन्सर' हा शब्द आता खेड्यापाड्यांत रूढ झाला आहे. 'कर्करोग' हा त्याचा ग्रांथिक प्रतिशब्द. ग्रीकांनी ह्या रोगास खेकड्याचे नाव दिले, ते लॅटिनच्या मार्गाने युरोपीय भाषांत गेले, आणि आपण त्याचाच अनुवाद केला. परंतु ह्या एका नावाखाली वैद्यक निरनिराळी कुळे मानते. त्वचा, आतडे, गर्भाशयाचे मुख, स्तनातील दुग्धनलिका अशा ठिकाणच्या अस्तराच्या पेशींतून उद्भवतो तो कार्सिनोमा. हाड, स्नायू, मेद, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टने अशा देहाला आधार व जोड देणाऱ्या ऊतींतून उद्भवतो तो सार्कोमा. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सार्कोमाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपासच असते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदांचे प्रकार सांगताना 'मांसार्बुद' असा एक प्रकार दिला आहे, आणि आघाताने पीडित झालेल्या अंगात तो उद्भवतो असे म्हटले आहे. त्याच प्रकरणात 'अध्यर्बुद' अशी दुसरी एक संज्ञा येते. आधी झालेल्या अर्बुदाच्या जागी जे दुसरे अर्बुद उत्पन्न होते ते अध्यर्बुद होय. ह्यावरून प्राचीनांस आजचा हा रोग ठाऊक होता असे म्हणणे अर्थातच चूक ठरेल. ज्या किरणांमुळे तो होतो त्यांचा शोधच १८९५ मध्ये लागला. परंतु 'पहिल्याच्या जागी दुसरे' ही वस्तुस्थिती एका उपसर्गात सामावून घेणारा शब्द आपल्या परंपरेत आहे, एवढे नमूद करावयास हरकत नाही.

दुसरी संज्ञा 'किरणोत्सर्ग'. वृत्तपत्रांत हा शब्द सरसकट वापरला जातो, पण पारिभाषिक दृष्ट्या तो पदार्थाचा गुणधर्म दर्शवितो. कोबाल्टसारखा पदार्थ आपण होऊन किरण बाहेर टाकतो, हा किरणोत्सर्ग. त्या किरणांच्या रूपाने जी ऊर्जा प्रवास करते ते 'प्रारण'. आणि तिचा रोगावर केलेला उपयोग तो 'किरणोपचार'. हा भेद पाळला असता एक प्रचलित गैरसमज दूर होतो. बाहेरून यंत्राने किरण दिलेल्या रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग उरत नाही. त्याच्या जवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने कोणास काही होत नाही. उरतो तो पेशींमध्ये घडून आलेला बदल.

ग्रामीण बोलीत मात्र ह्यांपैकी एकही शब्द नाही. तेथे 'शेक दिला' किंवा 'लाईट दिली' असे म्हणतात. गर्भाशय म्हणजे 'पिशवी', गर्भाशयाचे मुख म्हणजे 'पिशवीचे तोंड' आणि सार्कोमा असो वा साधी मेदाची गाठ असो, दोन्ही 'गाठ'च. ह्या शब्दांना अशुद्ध म्हणून बाजूस सारणे सोपे आहे; त्यांचे महत्त्व पुढे दिसून येईल.

२. 'उत्तर'पासून 'जन्य'पर्यंत

किरणांचा शोध लागल्यापासून थोड्याच वर्षांत, १९०२ मध्ये, क्ष-किरणांशी नित्य संबंध आलेल्या माणसाच्या हातावर त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद जर्मनीत झाली. सांध्यांच्या क्षयावर त्या काळी क्ष-किरणांचा उपचार करीत. अशा उपचारानंतर त्याच जागी सार्कोमा झाल्याचे वृत्त १९२२ मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित रंगाने आकडे काढणाऱ्या तरुण कामगार स्त्रिया कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. पोटात गेलेले रेडियम त्यांच्या हाडांत साठले आणि पुढे काहींच्या हाडांत सार्कोमा झाला, हे हॅरिसन मार्टलंड यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले.

तथापि एकेका रुग्णाविषयी निर्णय कसा करावयाचा हा प्रश्न शिल्लकच होता. त्यास पद्धतशीर उत्तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील काहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये दिले. किरणोपचार झालेल्या हाडात सार्कोमा उद्भवलेल्या अकरा रुग्णांचे विवेचन करताना त्यांनी चार कसोट्या मांडल्या. पहिली, हाडातील मूळ विकार घातक स्वरूपाचा नव्हता ह्याचा सूक्ष्मदर्शकीय किंवा क्ष-किरणचित्राचा पुरावा असावा. दुसरी, नवा रोग किरणांच्या क्षेत्रातच उद्भवलेला असावा. तिसरी, दोहोंमध्ये दीर्घ काळ गेलेला असावा. त्यांनी ही मर्यादा पाच वर्षांची धरली. चौथी, नव्या रोगाचे स्वरूप ऊतिपरीक्षेने सिद्ध झालेले असावे. पुढे, १९७१ च्या सुमारास, ह्या कसोट्या काहीशा सैल करण्यात आल्या. मूळ रोग कर्करोग असला तरी चालेल, मात्र नव्या रोगाची ऊतिरचना त्याहून भिन्न असली पाहिजे, असे मानले गेले. आणि तीन-चार वर्षांचे अंतरही पुरेसे धरले जाऊ लागले.

ह्या कसोट्यांचे तार्किक स्वरूप पाहण्यासारखे आहे. त्या 'प्रारणोत्तर' ह्या शब्दापासून 'प्रारणजन्य' ह्या शब्दापर्यंत जाण्याचे नियम आहेत. स्थान, काल आणि जाती ह्या तिहींची साक्ष जुळली तरच 'जन्य' म्हणावयाचे. आणि तरीही हा निर्णय संभाव्यतेचा असतो. ज्या स्त्रीला किरणोपचार झाला नसता तिलाही त्याच जागी सार्कोमा होणे अशक्य नव्हते. किरणांमुळे झालेला सार्कोमा आणि आपोआप झालेला सार्कोमा ह्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा फरक करता येत नाही. ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. स्तनाच्या किरणोपचारानंतर तेथील रक्तवाहिन्यांचा जो सार्कोमा होतो, त्यात 'मिक' नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळतात, आणि ही खूण निदानास साहाय्यक ठरते. एरवी पुरावा ऊतीत नसून इतिहासात असतो. आणि इतिहास म्हणजे जुने कागद आणि रुग्णाची आठवण.

३. रोग कसा उद्भवतो

किरणोपचाराने कर्करोगाच्या पेशी मरतात त्या त्यांतील डीएनएच्या दुहेरी साखळीचे तुकडे झाल्यामुळे. आसपासच्या निरोगी पेशींवरही हाच आघात होतो. परंतु त्यांची दुरुस्ती करण्याची शक्ती अधिक असल्यामुळे, आणि मात्रा रोज थोडी थोडी दिली जात असल्यामुळे, त्या बहुतांशी सावरतात. काही पेशींत मात्र दुरुस्ती चुकीची होते. तुटलेली टोके भलत्याच जागी जोडली जातात, पेशीच्या वाढीला आवर घालणारी टीपी-५३, आरबी-१ ह्यांसारखी जनुके निकामी होतात, आणि ती पेशी न मरता पंगू अवस्थेत जगते. तिच्या वंशात पुढे आणखी दोष साठत जातात आणि एक दिवस त्यातून कर्करोग निर्माण होतो. मधल्या दीर्घ अवधीचे स्पष्टीकरण हेच होय. हा अवधी सरासरीने दहा वर्षांच्या आसपास असतो. परंतु तो तीन वर्षांइतका अल्प किंवा तीस-चाळीस वर्षांइतका प्रदीर्घही असू शकतो.

मात्रा वाढते तसा धोका वाढतो. क्षेत्राच्या मध्यभागी पेशी पूर्णपणे मरतात, तर कडेला त्या अर्धवट दुखावून जिवंत राहतात. असे रोग पुष्कळदा क्षेत्राच्या कडेशी आढळतात ते ह्यामुळे असावे, असे मानतात. बालपणी उपचार झालेल्यांस धोका अधिक असतो, कारण त्यांची ऊती वाढीस लागलेली असते आणि पुढे आयुष्यही मोठे असते. दृष्टिपटलाचा आनुवंशिक कर्करोग झालेल्या मुलांत आरबी-१ जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते, आणि टीपी-५३ जनुकातील दोष काही कुटुंबांत वंशपरंपरेने चालत येतो. अशा व्यक्तींत हा धोका सामान्यांहून अनेक पटींनी मोठा असल्यामुळे त्यांच्या बाबतीत शक्य तेथे किरणोपचार टाळावा असेच मत आहे.

ह्या धोक्याचे प्रमाण किती, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत असा सार्कोमा होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत शेकडा ०.०३ ते ०.८ ह्या दरम्यान येते, म्हणजे शेकडा एकाहून कमीच. उलट, सर्व सार्कोमांचा विचार केला तर त्यांतील शेकडा तीन ते सहा पूर्वीच्या किरणोपचाराशी संबंधित असतात. हे दोन आकडे एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत. पहिला रुग्णाला धीर देणारा आहे, दुसरा डॉक्टरला सावध करणारा आहे. एकाच्या जागी दुसरा वापरला गेला की भीती किंवा बेफिकिरी ह्यांपैकी एक उत्पन्न होते.

४. धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

हा प्रश्न धाराशिवच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे की, ग्रामीण भारतातील कर्करोगाच्या अभ्यासात ह्या भागाला वेगळे स्थान आहे. जिल्ह्याच्या सीमेलगत, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर परंडा व भूम हे धाराशिव जिल्ह्यातील तालुके आले. पुढे राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमात उस्मानाबाद व बीड ह्या जिल्ह्यांची नोंदही होऊ लागली. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी रोगाच्या लक्षणांविषयी संवाद साधला, आणि त्यानंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत डॉक्टरांपुढे येऊ लागला, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले गेले. केवळ बोलण्याने रोगाची अवस्था बदलली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्याच जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनी तो संयुक्तपणे केला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावांच्या ५२ समूहांत विभागणी करून तीन समूहगटांत तीन निरनिराळ्या तपासण्या केल्या गेल्या, व चौथा गट तुलनेसाठी ठेविला गेला. आठ वर्षांच्या निरीक्षणाअंती, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानवी पॅपिलोमा विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत दुसऱ्या वा त्यापुढील अवस्थेचे ३९ कर्करोग आढळले व ३४ मृत्यू झाले. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांत हेच आकडे ८२ व ६४ होते. तुलनागटातील स्त्रियांची तपासणी न करण्याबद्दल पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते विसरून चालणार नाही. परंतु निष्कर्ष निःसंदिग्ध आहे.

प्रस्तुत विषयाशी ह्याचा संबंध दुहेरी आहे. पहिला असा. कर्करोग होण्यापूर्वीची विकृती तपासणीत सापडली तर ती गोठवून किंवा तारेच्या विद्युत्-फासाने कापून काढता येते. तेथे किरणांची गरजच पडत नाही. रोग पुढे गेल्यावर मात्र किरणोपचार हाच मुख्य आधार असतो. सर्वसाधारणपणे कटिभागावर बाहेरून सुमारे ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा पाच आठवड्यांत देतात, आणि त्यानंतर आतून किरणस्रोत ठेवून गर्भाशयमुखाची मात्रा वाढवितात. अर्थात त्रिकास्थी, नितंबास्थी आणि आसपासचे स्नायू ह्यांसही लक्षणीय मात्रा मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मूत्राशय, गुदाशय इत्यादी अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, आणि हाडांच्या कर्करोगाचा धोकाही वाढत असण्याची शक्यता दिसली. म्हणून रोग लवकर सापडणे हा प्रारणजन्य सार्कोमावरचाही पहिला प्रतिबंध होय.

दुसरा संबंध तोलाचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ४६ आणि त्याच्या जोडीला सिसप्लाटिन हे औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ५४ स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. उपचाराविना ह्या अवस्थेतील रोगाचा शेवट ठरलेलाच असतो. तेव्हा एका तागडीत हजारातील सुमारे पाचशे स्त्रियांची पाच वर्षांची हयात, आणि दुसरीत, वरच्या टोकाचा अंदाज धरला तरी, हजारी आठ सार्कोमा असा हा हिशेब आहे. प्रारणजन्य सार्कोमाच्या भयाने कोणी किरणोपचार नाकारील तर ते आत्मघातकी ठरेल. हा रोग एका अर्थी यशाचा ऋणशेष आहे: जो पहिल्या रोगातून वाचला त्यालाच तो होऊ शकतो.

५. निदानातील अडचण

समजा, परंड्याजवळच्या एखाद्या गावातील साठीच्या स्त्रीला पंधरा वर्षांपूर्वी किरणोपचार झाला होता. आता तिच्या खुब्यात किंवा माकडहाडाच्या वर दुखते, रात्री अधिक दुखते, आणि मालिश व गोळ्यांनी थांबत नाही. ती डॉक्टरकडे जाते ती कंबरदुखी म्हणून. जुन्या कर्करोगाचा उल्लेख ती करीत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो विषय संपला आहे. 'बरी झाले' ह्या भूतकाळात तो बंद झाला आहे. डॉक्टरने 'पूर्वी रेडिएशन घेतले होते का?' असे विचारले तर ती नाही म्हणण्याचा संभव आहे. 'शेक दिला होता का? लाईट दिली होती का?' असे विचारले तर होय म्हणेल. आणि 'शेक' ह्या शब्दाने तिच्या मनात राहिली आहे ती ऊब, जी वीट तापवून किंवा मिठाच्या पुरचुंडीनेही देता येते. तिचा आजच्या दुखण्याशी संबंध असू शकेल हे त्या शब्दावरून सुचतच नाही.

अर्थात प्रत्येक दुखणे म्हणजे सार्कोमा नव्हे. किरणांनी ठिसूळ झालेल्या त्रिकास्थीला बारीक तडे जाणे हे सार्कोमाहून कितीतरी अधिक वेळा आढळते. जुन्या रोगाचे पुनरागमनही शक्य असते. म्हणूनच निश्चितीची आवश्यकता आहे. किरणक्षेत्रात नव्याने आलेली व वाढत जाणारी गाठ, न थांबणारे दुखणे, पायाला येणारी मुंग्या वा दुर्बलता, आणि स्तनाच्या बाबतीत मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग, ह्या खुणा दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. किरणांनी घट्ट झालेल्या त्वचेखाली व व्रणाखाली गाठ उशिरा हातास लागते, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

एमआरआयने व्याप्ती कळते. छातीच्या सीटी स्कॅनने फुप्फुसांत प्रसार झाला आहे किंवा नाही ते कळते, कारण सार्कोमा बहुधा प्रथम तिकडेच पसरतो. अंतिम निर्णय जाड सुईने काढलेल्या तुकड्याच्या परीक्षेने होतो. हा तुकडा ज्या शल्यविशारदाने पुढे शस्त्रक्रिया करावयाची त्याच्या सल्ल्याने घ्यावा, असा नियम आहे. सुईचा मार्गही नंतर गाठीबरोबर काढून टाकावा लागतो. तो भलत्या दिशेने गेला तर वाचण्याजोगा अवयव गमवावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी 'साधी गाठ' म्हणून अर्धवट काढलेला सार्कोमा पुढच्या उपचाराची निम्मी वाट बंद करून टाकतो.

६. उपचार

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी ऊतीच्या वेष्टनासह, न फोडता, एकसंध काढणे हे तिचे ध्येय असते. हात-पाय ह्यांत हे पुष्कळदा अवयव राखून साधते. कटिभागात मूत्राशय, आतडे, मोठ्या रक्तवाहिन्या व पायाच्या मज्जातंतू एकमेकांस लगटून असल्यामुळे ते कठीण असते. क्वचित कटीचा अर्धा भाग पायासह काढण्याचा प्रसंग येतो. शिवाय पूर्वी किरण मिळालेली ऊती रक्तपुरवठ्यास मुकलेली असते. जखम भरून येत नाही. म्हणून दुसरीकडची निरोगी त्वचा व स्नायू आणून जागा झाकावी लागते. अशी शस्त्रक्रिया जेथे सार्कोमासाठी शल्य, क्षकिरण, विकृतिविज्ञान व औषधोपचार ह्यांचे तज्ज्ञ एकत्र बसतात अशा केंद्रातच व्हावी, हे सर्वमान्य आहे. धाराशिवच्या रुग्णासाठी ह्याचा अर्थ बहुधा मुंबई-पुण्याचा प्रवास असा होतो.

सामान्य सार्कोमात शस्त्रक्रियेच्या जोडीला किरणोपचार देतात. येथे तीच वाट अडलेली असते, कारण निरोगी ऊतींची सहनशक्ती पहिल्या वेळीच बव्हंशी खर्ची पडलेली असते. काही निवडक रुग्णांत, दरवेळची मात्रा लहान करून किंवा किरण काटेकोरपणे एकाच जागी केंद्रित करून, पुन्हा किरणोपचार देता येतो; पण व्रण, हाड मरणे, आतड्यास छिद्र पडणे ह्यांचा धोका पत्करूनच.

रसायनोपचार, ज्याला रूढ भाषेत केमोथेरपी म्हणतात, त्याचे स्थान रोगाच्या जातीवर अवलंबून आहे. हाडाच्या सार्कोमात डॉक्सोरुबिसिन व सिसप्लाटिन ही औषधे शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर देतात. मऊ ऊतींच्या सार्कोमात डॉक्सोरुबिसिन व आयफॉस्फमाइड ह्यांचा उपयोग होतो, पण लाभ मर्यादित असतो. रक्तवाहिन्यांच्या सार्कोमात पॅक्लिटॅक्सेल गुणकारी ठरते. येथेही पहिल्या उपचाराची सावली पडलेली असते. डॉक्सोरुबिसिनच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेला हृदयाच्या दृष्टीने मर्यादा आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी त्या जातीचे औषध पूर्वी मिळालेल्या रुग्णात ती काही अंशी संपलेली असते. गर्भाशयमुखाच्या रुग्णाची अडचण निराळी. प्रौढांच्या क्रियाशील अस्थिमज्जेचा मोठा भाग कटीच्या हाडांत असतो. त्यास किरण लागलेले असल्यामुळे औषधांनी रक्तपेशी लवकर घटतात, आणि मूत्रपिंडे आधीच दुर्बल झालेली असतील तर सिसप्लाटिन देता येत नाही.

७. परिणती

परिणतीविषयी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. एकंदरीने पाहता पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक अहवालांत निम्म्याहून कमी आहे, आणि त्याच जातीच्या व आकाराच्या आपोआप झालेल्या सार्कोमाहून ते कमी पडते. ह्याची कारणे वर आलीच आहेत. रोग बहुधा उग्र श्रेणीचा असतो, धडाच्या अडचणीच्या जागी असतो, उशिरा ओळखला जातो, आणि तीन शस्त्रांपैकी दोन आधीच बोथट झालेली असतात. स्तनाच्या रक्तवाहिन्यांचा सार्कोमा काढल्यानंतरही त्वचेवर पुनःपुन्हा उद्भवण्याची प्रवृत्ती दाखवितो. म्हणून तेथे किरण लागलेली त्वचा शक्य तितकी विस्तृत काढण्याकडे कल आहे.

परंतु हा सरासरीचा निवाडा आहे. ज्या रुग्णांत गाठ लहान असताना सापडते, प्रसार झालेला नसतो आणि ती निरोगी कडेसह पूर्णपणे काढता येते, त्यांची स्थिती पुष्कळ चांगली असते. दीर्घकाळ रोगमुक्त राहिलेले रुग्ण त्यांतलेच. रोगाची श्रेणी आणि जात आपल्या हातची नाही. गाठीचा आकार मात्र ती केव्हा ओळखली गेली ह्यावर अवलंबून असतो. जेथे शस्त्रक्रिया शक्य नसते तेथे वेदनांचे शमन हा उपचारच होय; मॉर्फिनच्या योग्य मात्रेने रात्रीची झोप मिळवून देणे ही हार नव्हे.

८. समारोप

आरंभी 'उत्तर' व 'जन्य' ह्यांतील अंतराविषयी लिहिले. रुग्णाच्या बाजूने पाहता तेच अंतर उलट्या दिशेने ओलांडावयाचे असते. शास्त्रज्ञाने 'जन्य' म्हणण्याची घाई करू नये हे खरे; पण रुग्णाने आणि तिच्या गावच्या डॉक्टरने निदान 'उत्तर' एवढे तरी विसरू नये. शेक घेतलेल्या जागी, कितीही वर्षांनी, नवे काही उद्भवले तर त्या दोहोंचा विचार एकत्र झाला पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. उपचाराची जागा, मात्रा व वर्ष लिहिलेला कागद शिधापत्रिकेसारखा जपून ठेवावा. पाच वर्षे उलटल्यावरही वर्षाकाठी एकदा तपासणीस जावे. आणि डॉक्टरने प्रश्न विचारावा तो रुग्णाच्या शब्दांत.

शेवटची गोष्ट आपल्या क्षेत्रातली आहे. परिभाषा घडविण्याचे काम मराठीत पुष्कळ झाले आहे, आणि 'प्रारण' हा शब्द त्याचे चांगले फळ आहे. परंतु परिभाषेची एक बाजू रुग्णालयाकडे असते तशी दुसरी ओसरीकडे असावयास हवी. 'शेक', 'लाईट', 'पिशवी', 'गाठ' ह्या शब्दांचा जिल्हावार, तालुकावार संग्रह करून कोणत्या शब्दाने नेमके काय सांगितले जाते ह्याची नोंद करणे हे बोलीच्या अभ्यासकाचे काम आहे. धाराशिव जिल्ह्यात गावोगाव जाऊन बोलल्यामुळे एका कर्करोगाचे निदान लवकर होऊ लागले, हे आपण पाहिले. दुसऱ्याच्या बाबतीत तसे होण्यासाठी विचारण्याचा शब्द आधी ठाऊक असला पाहिजे.